अळणी

वृंदानं तिसऱ्या पिंपातल्या वाईनचे चार थेंब यंत्राच्या जिभेवर टाकले.

"छान झालीये," तात्यांचा आवाज म्हणाला.

तिच्या जिवात जीव आला. तात्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांनी आपली सगळी चव आणि आपला आवाज या जिभेला शिकवून ठेवला होता. तेव्हापासून दिंडोरीच्या त्यांच्या वायनरीत कुठलं पिंप कधी बाटलीत उतरवायचं, ते ही जीभच ठरवायची. हट्टीही तात्यांइतकीच. "कच्ची आहे. थांब." यंदा तिनं एकही पिंप पास केलं नाही, तेव्हा वृंदानं कालच माणूस बोलावून तिचा चोखंदळपणा जरा कमी करून घेतला होता.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. रोज सकाळी ती चमचाभर आमटी त्या जिभेवर टाकायची. "अळणी! लक्ष कुठंय तुझं?" तात्या खेकसायचे. आई पदराआड हसायची आणि मुद्दाम विसरलेलं मीठ घरी जाऊन घालायची.

आजही तिनं चमचा रिता केला.

"छान झालीये," तात्या म्हणाले.

आईनं आणखी एक चमचा टाकला.

"छान झालीये."

"बेचाळीस वर्षांत कधी म्हणाले नाहीत," आई हळूच म्हणाली. डब्याचं झाकण तिला काही केल्या लागेना. "वृंदा, कधी गेले गं हे?"

वृंदाला 'काल' म्हणवेना.