आधी गोण्या, मग माणसं

"माझ्या मुलीला मुलीच आवडतात. तिला ताळ्यावर आणा," बाबांनी सांगून टाकलं आणि खुर्चीत रेलून बसले.

समुपदेशक खूश झाले. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालून आलं होतं. "अहो, काळजीच सोडा. अशा कितीतरी मुली मार्गी लावल्यात मी."

"खात्री देता?"

"शंभर टक्के."

"विचार करून सांगतो," म्हणत बाबा उठले. मुलगी खाली मान घालून त्यांच्यामागे निघाली.

दुसऱ्या ठिकाणी एक तरुण गृहस्थ भेटले. बोलणं अगदी साखरेत घोळवलेलं. बाबांनी तेच वाक्य टाकलं.

"हे वयच तसं असतं, काका. लग्न झालं की सगळं जागच्या जागी बसतं."

मुलगी पस्तिशीला आली होती. तिने छताकडे पाहिलं.

"आणि नाही बसलं तर?" बाबांनी विचारलं.

"बसतंच हो!"

बाबा पुन्हा विचार करून सांगणार होते.

रस्त्यावर आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "याहून जालीम औषध हवंय का तुम्हाला?"

"अजून एक ठिकाण बघू."

"हे शेवटचं, बाबा. तिथेही हेच ऐकावं लागलं तर मी परस्पर निघून जाईन. बॅग भरून ठेवली आहे."

"बरं," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

आई गेल्यापासून घरात दोघंच होती. बाबा लिफ्टचे मिस्त्री, बोलणं मोजकं. मध्यंतरी एकदा जेवता जेवता तिने त्यांना स्वतःबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. ते रागावले नाहीत की रडले नाहीत, पण त्यांची झोप उडाली. ते येरझाऱ्या घालायचे आणि तिला वाटायचं, हे आपणच केलं. म्हणून 'कुणा जाणत्याकडे जाऊ' असं ते म्हणाले तेव्हा ती मुकाट्याने हो म्हणाली. त्यांच्यावर तिचा फार जीव होता.

तिसरी खोली एका जुन्या इमारतीत, जिन्याला लागून होती. आत जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. बाबांनी वाक्य टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मुलीकडे वळल्या.

"तुम्हाला काय हवंय?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. ती गडबडली. "बाबांना झोप लागावी, एवढंच."

बाई बाबांना म्हणाल्या, "तुमच्या मुलीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कुणी करून देतो म्हणालं, तर तिला घेऊन तिथून निघा."

"मी बाप आहे तिचा!" बाबांनी टेबलावर हात आपटला.

"म्हणूनच सांगतेय."

"नातेवाईक तोंडात शेण घालतील!"

"त्याची भीती वाटते ना? त्यावर बोलू. पण तिला बदलायचं काम इथे होत नाही."

"आणि म्हातारपणी? तेव्हा काय करायचं अशा माणसाने?"

"म्हातारपणी सोबत लागतेच. कुणाची, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

बाबा ओरडत राहिले. बाईंचा आवाज चढलाही नाही आणि नरमलाही नाही. मुलगी श्वास रोखून बघत होती. आपल्या बाजूने कुणी इतकं ठाम उभं राहू शकतं, हे तिला खरंच वाटेना.

मग बाबा एकदम थांबले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

"धरलं," ते समाधानाने म्हणाले.

हा शब्द तिने लहानपणापासून ऐकला होता. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये बाबा आधी वाळूच्या गोण्या भरायचे, झेपेल त्याहून जास्त. ब्रेकने तेवढं वजन धरलं, तरच माणसांना आत सोडायचे.

तिच्या अंगावर काटा आला. म्हणजे ते वाक्य, ते ओरडणं, ते टेबल बडवणं, सगळ्या गोण्या होत्या! हा अबोल माणूस दारोदार वजन टाकून बघत फिरत होता आणि आपण बॅग भरून बसलो होतो. आपल्याला असा बाप मिळाला, याचंच तिला नवल वाटलं. तिचे डोळे भरून आले.

"माझ्यासाठी केवढं केलंत, बाबा," ती म्हणाली आणि खुर्ची बाईंच्या जवळ ओढू लागली. "बसते मी. मनात आहे ते सगळं सांगते."

बाबांनी हळूच ती खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली.

"तू जरा बाहेर बस, बाळा," ते म्हणाले. "तू जेवता जेवता सांगून मोकळी झालीस. माझीही गोष्ट तुझ्यासारखीच आहे, आणि ती बोलायला मी आयुष्यभर अशी एक खोली शोधतोय."