परत घ्यावं की नाही?

"तिकडून हाकलला, तेव्हा आमची आठवण झाली होय!" पेंटर कडाडला, आणि भाच्याचा पाय उंबऱ्यातच अडखळला.

मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात वाद अगदी रंगात आला होता. विषय होता क्लबचा जुना मॅनेजर. तळाला गेलेल्या संघाला या माणसाने वर आणलं आणि मग जास्त पगारावर एका बड्या क्लबकडे खुशाल निघून गेला. तिथे काही त्याची डाळ शिजली नाही. त्यांनी त्याला नारळ दिला, आणि आता तो परत येणार अशी कुणकुण होती.

मामाने मान वर करून भाच्याकडे एकदा पाहिलं, "बस" म्हणाला आणि पुन्हा हातातल्या चाकाकडे वळला. भाचा कोपऱ्यातल्या उपड्या खोक्यावर टेकला. हा वाद आपल्यावरूनच चाललाय, हे त्याने लगेच ओळखलं.

कारण या दुकानात अवघड गोष्ट सरळ बोलायची पद्धतच नव्हती. काय सांगायचं ते फुटबॉलच्या आडून. पेंटरला पगार वाढवून हवा असला की तो म्हणे, "मालक, आपला गोली उपाशीपोटी खेळतोय हो." मामीला राग आला की ती मामाला भर दुकानात पिवळं कार्ड दाखवी. खरंखुरं, पुठ्ठ्याचं. ते गल्ल्यातच ठेवलेलं असे. भाच्याने दुकान सोडलं तेही असंच. नदीपलीकडच्या चकचकीत शोरूममध्ये नोकरी लागली तेव्हा तो मामाला एवढंच म्हणाला होता, "खेळाडूला मोठ्या क्लबचं बोलावणं आलंय." मामाने चाकावरची नजर न हलवता उत्तर दिलं होतं, "मग त्याने जावं."

आता त्या शोरूमला टाळं लागलं होतं. मामा परत कामावर घेईल का, एवढंच विचारायला भाचा आला होता. आणि इथे तर त्याच्या तोंडावर त्याचाच निवाडा चालला होता!

"काही म्हणा, माणूस गुणी आहे," घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत मामी म्हणाली. "चुकत कोण नाही?"

भाच्याला मामीचा भारी आधार वाटला. पण तो क्षणभरच.

"गुणी?" पेंटरने ब्रश हवेत नाचवला. "जाताना साधा निरोप घेतला नाही त्याने! आणि तिकडे केलं काय, तर सुटाबुटात मिरवला. आता त्याच्यात राहिलंय काय?"

भाच्याचे कान तापले. निरोप त्यानेही घेतला नव्हता. मामा जेवायला गेल्याची संधी साधून तो गुपचूप सटकला होता. आणि शोरूममध्ये टाय बांधावा लागे, हेही खरंच होतं.

मामाने चाक गरकन फिरवलं, थांबवलं, एक स्पोक आवळला. "मी सांगू का," तो सावकाश म्हणाला, "घ्यायला हरकत नाही. पण उद्या आणखी कुणी जास्त पैसे दाखवले की स्वारी पुन्हा चालती होणार. दोनदा हात कोण पोळून घेणार?"

भाच्याला आता बसवेना. तो ताडकन उठला.

"नाही जाणार, मामा! शप्पत, आता कुठेही नाही जाणार!" त्याचा आवाज चिरकला. "तेव्हा तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून पळालो. चुकलं माझं. पगार कमी द्या, बेंचवर बसवा, नुसता झाडू मारायला ठेवा. पण परत घ्या!"

पेंटरच्या ब्रशवरचा लाल रंग त्याच्याच चपलेवर ठिबकला. मामाने मामीकडे पाहिलं, मामीने मामाकडे.

"याला काय झालं?" मामाने विचारलं.

"अरे, मॅनेजरचं चाललंय," मामी म्हणाली.

"म्हणजे... खरोखरच मॅनेजरचं?"

"मग कुणाचं? तुझं?" मामाने पाना खाली ठेवला. "तुझ्याबद्दल वाद घालण्यासारखं आहेच काय? शोरूम बंद पडल्याचं कळलं त्याच दिवशी मामीने तुझा एप्रन धुऊन टांगला. वर बघ जरा."

भाच्याने वर पाहिलं. तो बसला होता त्या खोक्याच्या बरोबर वर, जुन्या खुंटीवर, त्याचा निळा एप्रन लटकत होता. इस्त्रीसुद्धा केलेला.

"तुला 'बस' म्हटलं," मामा करवादला, "तर पाहुण्यासारखा हातावर हात ठेवून बसलास! ते मागचं चाक सकाळपासून कुणाची वाट बघतंय?"

भाच्याचे डोळे भरून आले. इतका आनंद त्याला शोरूमच्या पहिल्या पगारानेही झाला नव्हता. त्याने झटकन एप्रन चढवला. तो पोटावर जरा घट्टच झाला होता. मग बाह्या सरसावून त्याने ते चाक पुढ्यात ओढलं.

"बरं, आता तूच निकाल लाव," मामा म्हणाला. "मी आणि पेंटर एका बाजूला, मामी एकटी दुसऱ्या बाजूला. पण तिचं एक मत दोघांना भारी, म्हणजे सामना बरोबरीत. त्या मॅनेजरला परत घ्यावं की नाही?"

भाच्याने चाक फिरवलं आणि नीट विचार केला. त्या माणसावर त्याचा फार दिवसांचा राग होता.

"छे छे!" तो ठासून म्हणाला. "एकदा सोडून गेला त्याला परत कोण घेतं?"

मामीने गल्ला उघडला आणि पिवळं कार्ड वर धरलं.