सात आवाजांची नांदी

"तुमचा विश्वास बसणार नाही, अन् बसूही नये," भय्यासाहेब म्हणाले, "पण सात जणांची नांदी या एकट्या गळ्याने म्हटली आहे."

पडद्यामागे कोणाला ऐकायची सवड नव्हती. पुढे गणेशोत्सवाची गर्दी खुर्च्या ओढत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. पासष्टचा सप्टेंबर. लढाई सुरू होती, जबलपुरात ब्लॅकआउट होता, म्हणून नाटक भर दुपारी ठेवलेलं. आणि नेमकं आजच तोफांच्या कारखान्याने आपल्या झाडून सगळ्या कामगारांना जादा पाळीला बोलावून घेतलं. नट रेल्वेतले, शाळांतले. ते तोंडाला रंग लावून तयार होते. नांदीवाले मात्र पहिल्यापासून कारखान्यातलेच. त्यांतले उरले होते फक्त पेन्शनीतले भय्यासाहेब, आणि त्यांना दमा.

नांदी नाही तर पडदा नाही, हा या नाटक मंडळींचा साठ वर्षांचा नेम.

"आम्ही म्हणतो नं नांदी," कुंदा म्हणाली. ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. तिच्यामागे पाच-सहा जणी पदर खोचून उभ्या होत्या. "घरात बाप-भाऊ घोकून राहिले, ते ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली आहे."

"बाईमाणसाने? नांदी?"

"नायिका बाई चालते, राक्षसाची बायको बाई चालते. मग नांदीलाच काहून नाही?"

"नाटक वेगळं, नांदी वेगळी. नांदी म्हणजे देवाला हाक."

"देव काय बायांची हाक ऐकत नाही, काका? मग घरोघरी आरत्या कोण म्हणतं?"

मुली फिसकन हसल्या. मंडळाचा सेक्रेटरी शैलेंद्र पडद्याची दोरी दोन्ही हातांत धरून घामाघूम झाला होता. "भय्यासाहेब, चलो, हो म्हणून टाका. तुमच्या शब्दाशिवाय मी दोरी ओढणार नाही, अन् लोक आता उठून चालले."

"उठू दे. इतिहास ऐका आधी." भय्यासाहेबांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते पडद्याच्या अगदी मधोमध मांडून बसले. "कारखान्याचा पहिला भोंगा वाजला त्या साली ही मंडळी उभी राहिली. पेटी नव्हती. मग सा कुठून आणायचा? भोंग्याचा! भोंगा वाजला की सगळ्यांनी आ लावायचा. तीच सवय पिढ्यान्‌पिढ्या. मागच्या आठवड्यात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा झाला, तेव्हा सारे खंदकात पळाले अन् आपली मराठी माणसं जागेवर उभी राहून आ लावून बसली. शिपाई ओरडून राहिला, 'भागो, भागो!' आणि इकडे भोंग्याचा सूर चढला तसे यांचेही सूर चढले!"

आता मात्र नायकसुद्धा मिशी चिकटवायचं थांबवून जवळ आला.

"अन् त्रेचाळीस साली? असंच झालं. मोठी लढाई, डबल पाळी, नांदीवाला एक नाही. मी एकटा. समोर पहिल्या रांगेत गोरा साहेब. मी काय केलं? तोफगोळ्याची रिकामी पितळी नळी, ही एवढी, हंड्यासारखी, कारखान्यातून आणली. आडवी ठेवली, डोकं आत घातलं अन् दिली ठेवून नांदी! आवाज असा घुमला की एकाचे सात झाले. साहेबाने बोटांवर आवाज मोजले. म्हणाला, सात कामचुकार पाळी सोडून गाऊन राहिले! छडी घेऊन धावत आला पडद्यामागे. पाहतो तर काय, एक नळी अन् त्यातून निघालेले दोन पाय! त्याने टोपी काढली."

"मी समोर होतो तेव्हा, लहान होतो," शैलेंद्र म्हणाला. दोरी त्याच्या हातात ढिली पडली होती. "आठवते मला ती नांदी. पण आवाज फार बारीक आला होता, भय्यासाहेब."

"पितळेत बारीकच होतो, भैया. लोखंड असतं तर जाड निघाला असता."

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. लोक आता चिडून टाळ्या पिटत होते. कोणीतरी ओरडलं, "अरे, शुरू करो!"

भय्यासाहेबांनी हात वर केला. "तर सांगायचं काय, त्या दिवशीसुद्धा मंडळींनी बाईचं तोंड पाहिलं नाही. साठ वर्षांत या पडद्यामागून बाईचा आवाज गेला नाही. अन् आज मी हो म्हणू?"

कुंदाचा चेहरा उतरला. मागची एकजण खोचलेला पदर सोडवू लागली. शैलेंद्रने दोरी खुंटीला बांधायला घेतली.

कोपऱ्यात राधाबाई, भय्यासाहेबांची बायको, नायिकेच्या शेल्याला घाईघाईने टाके घालत बसल्या होत्या. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"अहो, थापा किती मारून राहिले गणपतीसमोर! त्या दिवशी इथे नांदीला आम्ही सात जणी उभ्या होतो, अन् पुरुष माणूस शिरू नये म्हणून मागच्या दाराला आतून कडी मीच घातली होती. तुम्ही आत आले कुठून?"