चमचाभर विरजण

नॉर्वेत, बर्गनमधल्या परक्या स्वयंपाकघरात सुनेत्रा रोज सकाळी बरणीतल्या आंबवणाला चमचाभर पीठ घालत होती. घरमालकीण मारिटने बजावलं होतं, "माझ्या आजीपासूनचं आहे, याचाच पाव होतो. उपाशी ठेवू नका."

महिनाभरासाठी दोघींनी घरं बदलली होती. सुनेत्रानेही मारिटला नाशिकच्या फ्लॅटमधला गीझर, कुलूप, पाणी येण्याची वेळ, सगळं समजावलं होतं. फ्रिजमधल्या दह्याचं मात्र सांगायचं राहिलं. संपवताना विरजणापुरतं मागे ठेवायचं, हे त्या घरात कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. आई गेल्यावरही तिचंच विरजण चालू होतं.

व्हिडिओ कॉलवर मारिट हसत म्हणाली, "तुमचं दही पहिल्याच दिवशी फस्त! मुलांनी वाडगा चाटूनपुसून ठेवला."

"बरं झालं," सुनेत्रा सरळ आवाजात म्हणाली. आई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांशी बोलून बोलून तो आवाज तिला साधला होता.

"एक चूक झाली पण," मारिट ओशाळली. "त्याआधी शेजारच्या बाई वाटी घेऊन आल्या होत्या. तुम्हाला न विचारता चमचाभर देऊन टाकलं. त्या इथेच आहेत."

टिपणीसकाकू पडद्यात घुसल्या. "अगं, तुझ्या आईकडूनच नेत आले ना मी जन्मभर? माझं मेलं दर आठवड्याला बिघडतं!"

"काकू, लागलं का?"

"लागलं की! कवडीसारखं. आलीस की वाटी घेऊन ये."

"आणते, काकू," सुनेत्रा म्हणाली. या वेळी मात्र तो सरळ आवाज तिला साधला नाही.