परतीचा शिक्का

"जाता येईल," सबइन्स्पेक्टर साईनाथ म्हणाला. "परत येता येणार नाही."

टेबलापलीकडे आर्थरराव बसले होते. उंच, गोरे, सत्तरीकडे झुकलेले, पायांत कोल्हापुरी. शेजारी त्यांच्या पत्नी द्वारकाबाई, इरकली नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन हजार दोन सालचा एप्रिल होता आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या त्या खोलीतला पंखा नुसताच फिरत होता.

साईनाथ या टेबलावर नवा. परवापर्यंत हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या सोडवत होता. त्यानं सुरुवात अडखळत इंग्रजीत केली, तेव्हा आर्थररावांनी मराठीतच चालू द्या म्हणून सांगितलं, माझं इंग्रजी गंजलंय म्हणाले. हे साफ खोटं होतं. त्याच हिंजवडीत ते पोरांना फोनवर इंग्रजी कसं बोलायचं ते शिकवत. पण पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर सरळ उत्तर देणं कुणाला जमतंय?

घोळ असा झाला होता. निवासी कार्डाची मुदत रविवारी संपत होती आणि विमान शनिवारी रात्रीचं होतं. मुदत वाढवायची तर पत्त्याची चौकशी व्हावी लागते. शिपाई विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर येऊन गेला, तेव्हा नेमकी दोघं दवाखान्यात. त्या बिचाऱ्यानं चिठ्ठीवर 'घर बंद' लिहिलं. आता साईनाथपुढे ती चिठ्ठीच काय ती होती. बाकीचे कागद घेऊन हेमा नावाची कारकून मागची नोंद शोधायला आत गेली होती, ती गेलीच.

या ऑफिसात बोलायचं काम दर वर्षी आर्थररावांचं. द्वारकाबाई एरवी भाजीवालीला पुरून उरतील अशा, पण इथं आल्या की पदराच्या टोकाशी चाळा करत बसायच्या. त्यांना ही खोलीच नको वाटे.

जाणं तर भाग होतं. तिकडे इंग्लंडात मुलगी नम्रता, पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई कुठल्याशा प्रोजेक्टवर परगावी. आर्थरराव मुंबईला जाऊन व्हिसाच्या रांगेत अर्धा दिवस तिष्ठले होते, तेही उरकलं होतं.

आणि इकडे द्वारकाबाईंची आई, मुक्ताई. नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. शिपाई आला तेव्हा ती आतच होती, पण उठून दार कशी उघडणार? जेवायची ती लेकीच्याच हातून. महिन्याभरासाठी शेजारीण बघणार होती. म्हातारीनं कुरकुर केली नाही, फक्त एवढंच विचारलं, की परत येशील ना गं? द्वारकाबाई हो म्हणाल्या होत्या, आणि आता त्या एका शब्दापायी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

साईनाथनं विचारलं, इथं कधीपासून? ब्याऐंशीपासून, आर्थरराव म्हणाले. मन रमलं का? मन वर्षभरात रमलं, पुढची सगळी वर्षं रिक्षावाल्यांशी वाद घालण्यात गेली. साईनाथला हसू आलं. मग त्याच्या चौकशा सुरू झाल्या. त्याआधी कुठं होता, लग्न कुठं झालं?

लग्न पुण्यातलंच. पण त्यानंतर बरीच वर्षं दोघं ब्रिस्टलला होती. वय तसलं होतं, एकमेकांवर जीव होता, आणि आपलं ते सोडून दुसऱ्याचं होऊन जायची दोघांनाही भारी हौस. तिकडे तिनं त्याच्यासाठी सगळं केलं, इकडे आल्यावर त्यानं तिच्यासाठी. मागचापुढचा विचार कुणी केला नाही. आर्थरराव अर्थात एवढं सगळं बोलले नाहीत. नोकरी होती तिकडे, म्हणाले.

साईनाथला ही जोडी आवडली. काहीतरी मार्ग काढावा असं त्याला मनापासून वाटलं, आणि त्यानं तो काढलाही. द्वारकाबाईंकडे वळून तो म्हणाला, "मावशी, एक सांगू? तुम्ही एकट्या जाऊन या. काकांना राहू द्या इथं. आपल्या माणसाला आपल्या गावात परत यायला कुणाची परवानगी लागत नाही."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. आपण भलतंच काही बोललो का, या विचारानं साईनाथ ओशाळला.

आर्थररावांचा तिरकसपणा कुठल्या कुठं गेला. त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "घरी हिची आई आहे. हिच्या हातून घास गेला तरच ती जेवते. तिला परत येतो म्हणून सांगितलंय. खोटं पडायला नको. बाकी माझं काही मागणं नाही."

साईनाथनं चौकीला फोन लावला. माणसं माझ्यासमोर बसलीत, आत्ताच्या आत्ता जाऊन बघून ये, म्हणाला. शिपाई गेला. सोसायटीच्या रखवालदारानं आणि शेजारणीनं साक्ष दिली, वर शेजारणीनं त्याला सरबत पाजलं. तासाभरात उलट फोन आला. पत्ता बरोबर.

तेवढ्यात हेमा फाईल घेऊन आली. तिनं पान उघडून बोट ठेवलं, साईनाथनं तिथं शिक्का हाणला. चला, एक काम तरी मनासारखं झालं, असं वाटून तो खुर्चीत जरा सैलावला.

"इथं सही करा काका," असं म्हणून त्यानं पेन पुढे केलं.

आर्थररावांनी पेन घेऊन शेजारी दिलं. "मी कशाला करू? मी भारतीय झालो त्याला पंधरा वर्षं झाली."

आणि कसबा पेठेत जन्मलेल्या द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले, चष्मा लावला, आणि 'परदेशी नागरिकाची सही' असं छापलेल्या चौकटीत वळणदार मराठीत आपलं नाव लिहिलं.