प्लॅस्टिकचं पॅलेट

मरोळच्या गोदामात रोलर लावलेल्या नव्या उतरत्या रॅकवर मालाखालची पॅलेट लाकडी ठेवायची की प्लॅस्टिकची, यावरून मॅनेजर वॉरेन आणि त्याच कंपनीत खरेदी पाहणारी त्याची बायको क्लॅरिस यांचं घरातही बोलणं बंद झालं होतं. क्लॅरिसला लाकडीच हवी होती; लाकडी पॅलेट रोलरवर अडकतात, हे साहेबांना पटवायला वॉरेनने आरशासमोर तालीमसुद्धा केली. अखेर प्लॅस्टिक आलं. साहेबांसमोरच पहिलं पॅलेट सुसाट घसरलं आणि शाम्पूचे खोके त्यांच्या पायांशी फुटले. भाषण पाठ असलेला वॉरेन खाली वाकून खोके गोळा करू लागला.

"सर, पॅलेट चांगलंय," क्लॅरिस म्हणाली. "रॅकला उतार जास्त झालाय."

घरी जाताना रिक्षात वॉरेनला भरून आलं. "तू चक्क माझी बाजू घेतलीस!"

"घेतलीच ना. उतार तूच ठरवला होतास, ते सांगितलं का मी?"