परान्न

चातुर्मासात परान्न घ्यायचं नाही, हा मंदाकिनीचा दरवर्षीचा नेम. यंदा श्रावणातच भनपुरीच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याच्या, सुशीलच्या पायावर लोखंडी सळ्या पडल्या. पाय प्लास्टरात, माणूस खाटेवर, आणि घरबसल्या आजारपणाचे पैसे बँकेत जमा. न राबता आलेला पैसा म्हणजे परान्नच, असं तिच्या मनानं घेतलं. नवऱ्याला ती गरम पोळी वाढायची आणि स्वतः अंगणातल्या वेलीचे दोडके उकडून खायची.

"अवं, त्या वेलीवर तरी दया कर," सुशील काकुळतीला आला. "चक्कर येऊन पडशील, मंग दोघंही खाटेवर."

तिनं हसून पदर खोचला. नेम काही सोडला नाही.

रविवारी कारखान्यातला बंडू भेटायला आला. तिच्या ताटातले दोडके पाहून त्यानं विचारलं, आणि कारण ऐकून पोट धरून हसला.

"वहिनी, हे पैसे कोणी दान नाही देऊन राहिलं. आमच्या सगळ्यांच्या पगारातून दर महिन्याले विम्यासाठी थोडे थोडे कटतात, भैयाचेही कटतात. मागच्या साली मशीनीत माझा हात सापडला, तेव्हा घरी बसून मी तुमच्याच घरचं तर जेवलो."

मंदाकिनीनं क्षणभर देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग उठून तिनं तीन ताटं मांडली आणि पहिली पोळी बंडूच्या ताटात वाढली.

"बसा भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मागच्या खेपेले आमच्या घरचं जेवले, तेव्हा वाढायचं राहूनच गेलं होतं."